मागच्या ब्रेकचे जाम झालेले भाग सोडवताना

गाड्यांच्या ब्रेकच्या कामाला लागल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून एक कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टनने पॅड दाबून गाडी थांबवणारा भाग, निकामी झाला. मागच्या चाकाचे जुने पॅड निघाले होते, नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत ढकलणे आवश्यक होते आणि तो हलत नव्हता. पुढच्या चाकांवर मी तोपर्यंत जे करत आलो होतो तेच येथेही केले: सी-क्लॅम्प (C आकाराचा, स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावला आणि जोर वाढवत गेलो. पिस्टन गंजाने जाम झाला आहे, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो जाम नव्हताच. हँडब्रेकची यंत्रणा ज्या कॅलिपरमध्येच असते, त्यात पिस्टन आतील आट्यांवर बसलेला असतो आणि तो दाबत दाबत फिरवला तरच आत जातो. माझ्या जोराने आतली यंत्रणा तुटली व संपूर्ण कॅलिपर बदलावा लागला. तेव्हापासून कोणताही भाग हलेनासा झाला, की त्याला नेमके कशाने धरून ठेवले आहे हे कळेपर्यंत मी जोर लावत नाही, आणि नव्याने शिकणाऱ्यांनाही मी सर्वांत आधी हेच सांगतो.

गाडी सपाट जागेवर असावी, पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर चाकाजवळ बसू नये. मागच्या ब्रेकचे काम असल्याने हँडब्रेक सोडलेला असलाच पाहिजे. तो ओढलेला राहिला तर पिस्टन मागे जात नाही आणि नवशिका त्यालाच जाम समजतो. ज्या गाड्यांत हँडब्रेक विजेवर चालतो, तेथे स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने सर्व्हिस मोड, म्हणजे दुरुस्तीसाठीची स्थिती, सुरू करून मोटर मागे घ्यावी लागते. तसे न करता पिस्टन दाबल्यास मोटर व तिचे गिअर खराब होतात.

कॅलिपरचे बोल्ट सोडवताना सहा कोनांचा सॉकेट वापरावा, कारण बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या बोल्टचे डोके लवकर गोल करतो. बोल्टबरोबर आतली स्लाइड पिनही (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) फिरू लागली, तर पातळ पान्याने पिन धरून ठेवावी. गंज सोडवणारे तेल मारायचे असेल तर डिस्क व पॅड यांच्यापासून ते दूर ठेवावे, आणि मारल्यावर त्याला मुरायला वेळ द्यावा. दोन मिनिटांत पाना लावणाऱ्याला त्या तेलाचा उपयोग होत नाही.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ घेतात त्या स्लाइड पिना. कॅलिपर या पिनांवर मागेपुढे सरकतो, म्हणूनच एकाच बाजूच्या पिस्टनने दोन्ही पॅड डिस्कवर सारखे दाबले जातात. पिन आतच धरली गेली की सरकणे थांबते आणि बहुधा पिस्टनकडचा पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी झिजतो. त्यामुळे जुने पॅड टाकून देण्यापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून त्यांची जाडी पाहावी; फरक मोठा असेल तर पिना सहज निघाल्या तरी तपासल्याच पाहिजेत. धरलेली पिन सरळ ओढू नये. पान्याने ती थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरवत बाहेर आणावी. तरीही निघाली नाही, तर पॅड ज्यात बसतात ती चौकट गाडीवरून उतरवून, पिनेवरचे रबरी आवरण (बूट) काढून, मगच तिला उष्णता द्यावी. त्या आधी तिच्यावर ब्रेक क्लीनर मारलेला नसावा, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यास अत्यंत विषारी वायू तयार होतो.

निघालेल्या पिनेवर खड्डे पडले असतील तर ती बदलावी. भोक स्वच्छ करून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते, आणि काही महिन्यांत पिन पुन्हा तेथेच अडकते. ग्रीस फार भरले तर आत कोंडलेली हवा पिनेला बाहेर ढकलत राहते. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बाही असल्यास ती ज्या भोकातून निघाली त्याच भोकात परत जावी. म्हणून काढतानाच खूण करून ठेवावी.

पॅडचे कान चौकटीत घट्ट बसले असतील, तर दोष बहुधा पॅडचा नसतो. कान ज्यावर सरकतात त्या स्टीलच्या क्लिपखाली गंज साचून फुगतो आणि क्लिपला आत ढकलतो. अनेक जण कान कानशीने घासून पॅड बसवतात. मला ते अजिबात मान्य नाही, कारण गंज तसाच राहून वाढत जातो. क्लिप काढून चौकट वायर ब्रशने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावी आणि नव्या क्लिप बसवाव्यात. नंतर पॅड हाताने सरकला पाहिजे.

डिस्कही बदलायची असेल आणि ती हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) चिकटली असेल, तर तिच्यावर आटे असलेली दोन भोके आहेत का ते पाहावे. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळले की डिस्क सरळ बाहेर येते. डिस्कच्या आत हँडब्रेकचे वेगळे शू (आतून घासून धरणारे अर्धगोल भाग) असतील, तर आधी त्यांचे समायोजन सैल करावे लागते.

पिस्टन फिरवताना त्याचे रबरी आवरण पिळले जात नाही ना, हे पाहत राहावे. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातात. काही गाड्यांत एका बाजूचा उलट फिरतो, तेव्हा पुस्तिका पाहावी. पिस्टनवरील खाच शेवटी अशा स्थितीत ठेवावी, की पॅडच्या पाठीवरील उंचवटा तिच्यात बसेल. या वेळी टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते, त्यावर लक्ष असावे. हे सर्व होईपर्यंत कॅलिपर तारेने टांगलेला असावा, होजवर (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळीवर) लोंबकळू देऊ नये. हँडब्रेकची केबल सोडल्यावर कॅलिपरवरील लिव्हर आपोआप मूळ जागी परतला पाहिजे. तो अर्ध्यावर राहत असेल तर त्याची दांडी आत गंजलेली आहे आणि नवे पॅडही डिस्कला घासत राहून जळतील.

बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराच्या मापाने) आवळावेत. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबावे, कारण पहिल्या काही दाबांत ते थेट खाली जाते. नंतर हळू वेगात थोडी फेरी मारून दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात नेऊन उष्णता ताडून पाहावी. डिस्कला हात लावू नये. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापले असेल, तर मी ते चाक त्याच दिवशी पुन्हा उघडतो आणि पिनांपासून सुरुवात करतो.