जर्मन पाहुण्याला डच करू नका

गोव्यात म्हापशाला संध्याकाळी मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. पेडणे, दिचोलीकडून मुलं येतात. बहुतेकांना किनारपट्टीवर हॉटेलात नोकरी हवी असते. पहिल्या दिवसाचा प्रश्न ठरलेला: "टीचर, महिन्याभरात होईल ना?" होईल, बाबा. पण आधी समोरचा माणूस कुठल्या देशाचा ते धड लिहायला शीक.

रशिया-रशियन, इटली-इटालियन एवढं बघून कोणीतरी 'देशाला यन लावा, झालं काम' असा शॉर्टकट मोबाईलवर फिरवलाय. तो भेटला तर त्याचा कान पिळायचाय मला. हरमलला 'इस्रायलियन' पाहुणे याच शॉर्टकटने उतरवले. अरे, मराठीत काय म्हणता? इस्रायली. इंग्रजीतही तेच! पाकिस्तानी, इराकी, बांगलादेशी यांचंही तसंच. मुळात इंग्रजीत देश एक, विशेषण दुसरं आणि माणूस पुष्कळदा तिसराच. स्पेन, स्पॅनिश, स्पॅनियर्ड. पोलंड, पोलिश, पोल. स्वीडन, स्वीडिश, स्वीड. यांना नियम नाही. मी वहीत तीन रकाने आखून लिहायला लावते. मुलं कंटाळतात; कंटाळू देत.

आता माझा जुना घाव. एका विद्यार्थ्याला कळंगुटजवळच्या गेस्ट हाऊसमध्ये रिसेप्शनवर नोकरी लागली. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. जर्मन जोडपं आलं. जर्मन पासपोर्टावर राष्ट्रीयत्वाच्या जागी 'डॉइच' छापलेलं असतं, म्हणजे त्यांच्या भाषेत जर्मन. आमच्या हुशाराने डी, ई, यू वाचायचे कष्ट घेतले नाहीत. 'डच' असं मनाशी म्हणाला, डच म्हणजे नेदरलँड्स हे माझ्याच वर्गात शिकला होता, आणि यादीतून नेदरलँड्स निवडून मोकळा झाला. संध्याकाळी मालकाने पासपोर्टची प्रत पडताळली तेव्हा बोंब उठली. दुरुस्तीची धावाधाव झाली ती झालीच, वर पाहुण्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "फुटबॉलच्या मोसमात मला असं म्हणू नकोस हं!" पोरगा रात्री मला फोन करून विचारतो, "टीचर, हे दोन वेगळे देश आहेत?"

गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. पूर्वी इंग्रज लोक जर्मनांनाही सर्रास डच म्हणत. आपल्याकडे बरं होतं. डचांसाठी पोर्तुगीजांच्या तोंडून 'वलंदाज' उचलला, त्यात जर्मन शिरायला फटच नाही. त्या फॉर्मच्या गोंधळापासून माझी सवय अशी: वर छापलेलं राष्ट्रीयत्व बाजूला ठेवायचं आणि पासपोर्टाच्या तळाशी मशीनसाठी असलेल्या दोन ओळी बघायच्या. तिथे डच माणसाचं एन, एल, डी असतं. जर्मनाचा मात्र एकटा डी आणि पुढे बाणासारख्या खुणा. असं का, ते मला विचारू नका, पण बघा जरूर.

दुसरी चीड आणणारी चूक: 'ही इज ॲन इंग्लिश.' याचं कारण मराठीतच आहे. आपल्याकडे माणूस इंग्रज आणि भाषा इंग्रजी, दोन शब्द स्वच्छ वेगळे. तिकडे 'इंग्लिश' हे विशेषण आणि भाषा. एकटा माणूस तो 'इंग्लिशमन'. 'ही इज इंग्लिश' म्हटलं की पुरे, मधला 'ॲन' गाळा. फ्रेंच, डच, आयरिश यांनाही हेच लागू. 'ॲन इंडियन', 'अ जर्मन' मात्र चालतं. माझं मत विचाराल तर नवशिक्याने 'अ' आणि 'ॲन'च्या वाटेलाच जाऊ नये. 'ही इज' म्हणून पुढे नुसतं विशेषण लावलं तर कुठल्याच देशाचा माणूस चुकत नाही.

बाकीच्या भराभर सांगते. 'चायनीजेस', 'पोर्तुगीजेस' असं अनेकवचन नाही. एक असो की शंभर, शब्द तोच. जर्मनचं अनेकवचन 'जर्मन्स', 'जर्मेन' नव्हे. अफगाणी हे चलन, माणूस अफगाण. स्कॉच बाटलीत, स्कॉटिश खुर्चीत.

पहिलं अक्षर मोठं लिहा. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे आपल्या मुलांच्या हातून हे हमखास राहतं. 'पोलिश'चा पी लहान काढलात की तो 'पॉलिश' होतो, आणि पोलंडचा पाहुणा बुटाच्या डबीत जातो.

आणि हो, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'गोवन' लिहू नका. गोवन आपण आहोतच, पण तिथे इंडियन. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनला राहणारा तुमचा काका मात्र त्या रकान्यात पोर्तुगीज; इंडियनही नाही आणि ब्रिटिशही नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नसतं. काका चतुर्थीला आला आणि रुसला, तरी फॉर्मवर तेच लिहायचं.