जमीन खणण्याआधी: पुण्यातील लहान बांधकाम व्यावसायिकाने जोखीम कशी सांभाळावी

पुण्यात आणि आसपास गेली बावीस वर्षे बांधकामाचे ठेके घेताना आणि पुढे दोन लहान गृहप्रकल्प उभे करताना मी जे व्यवसाय बुडताना पाहिले, त्यांतील बहुतेकांचे काँक्रीट चांगले होते. पैशाचा हिशेब सीएकडे, कागद वकिलाकडे आणि साइटची राखण वॉचमनकडे सोपवलेली असे आणि या तिघांची एकत्र बैठक कधीच होत नसे, ही त्यांची खरी अडचण होती. प्रत्यक्षात या जोखमी एकमेकींत गुंतलेल्या असतात. खोदकामाशेजारची भिंत ढासळली की गुन्हा नोंदवला जातो, काम थांबवण्याची नोटीस येते, बँक कर्जाचा पुढचा हप्ता रोखते आणि सदनिकाधारक ताब्याची तारीख विचारू लागतात. म्हणून प्रत्येक जोखमीला काम सुरू होण्यापूर्वीच एक जबाबदार माणूस, एक रक्कम आणि एक तारीख नेमून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

जमिनीचा कागद

हवेली किंवा मुळशी तालुक्यातील जमीन घेताना चालू सातबारा पाहून समाधान मानू नये. किमान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, सर्व फेरफार क्रमाने लावून वाचावेत आणि वारसनोंदीत कोणाचे नाव गळले आहे ते शोधावे. बहुधा ते बहिणीचे असते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर त्यांच्या सह्या असल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. ‘ताईची काही हरकत नाही’ असे भाऊ सांगतात आणि ते त्या दिवशी खरेही असते. परंतु इमारत उभी राहिल्यावर ताईच्या मुलांची हरकत येते.

भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), कुळाची किंवा वतनाची जमीन असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हाती येईपर्यंत इसारापलीकडे रक्कम गुंतवू नये. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देण्याचा खर्च वाचवू नये. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १८ (२) नुसार मालकी हक्कातील दोषामुळे ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. म्हणजे शोध अहवालातील एक दुर्लक्षित पान तुमच्या मुलांच्या काळातही तुमच्या दारात उभे राहू शकते.

पुण्यात पाण्याची वाटही कागदाइतकीच तपासावी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ रोजी मुठा नदीने एकता नगरीत जो पूर आणला, तो विसरून नदी-ओढ्याकाठचा भूखंड घेऊ नये. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखून घ्यावी, आणि जुन्या गावनकाशात ओढा होता का, हेही पाहावे. लोहगाव विमानतळ व संरक्षण आस्थापनांच्या परिसरातील उंचीची मर्यादा भूखंडाचा भाव ठरण्यापूर्वी कळली पाहिजे, कारण कमी झालेल्या दोन मजल्यांचे पैसे जमीनमालक परत करत नाही.

पैशाची चाल

बांधकामात नफा कागदावर असतानाच रोकड संपते, आणि धंदा रोकड संपल्याने बंद पडतो. एक साधा हिशेब पाहा. महिनाभर काम केले, बिल तयार करायला आठवडा गेला, सल्लागाराने तपासायला पंधरा दिवस घेतले आणि मालकाने तीस दिवसांनी पैसे दिले, तर पहिला रुपया सुमारे ब्याऐंशी दिवसांनी हातात येतो. महिन्याचा खर्च चाळीस लाख असेल, तर तोपर्यंत जवळपास एक कोटी आठ लाख रुपये तुमच्या खिशातून गेलेले असतात. सिमेंट-लोखंडाच्या विक्रेत्याची उधारी यातला काही भाग उचलते, पण कामगारांची शनिवारची खर्ची थांबत नाही. त्यात प्रत्येक बिलातून दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे मालकाने राखून ठेवलेली रक्कम, कापले जाणार असेल आणि तुमचा नफाही दहा टक्केच असेल, तर दोषदायित्वाचा काळ (काम संपल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपेपर्यंत तुमचा सगळा नफा दुसऱ्याच्या तिजोरीत राहतो. निविदा भरण्यापूर्वी हा तक्ता आठवड्यागणिक मांडावा. रिटेन्शन पाच टक्क्यांवर आणावे, किंवा ठरावीक रकमेनंतर त्याऐवजी बँक हमी देण्याची सोय करारात ठेवावी.

एका साइटचे पैसे दुसऱ्या साइटवर वळवणे हा या धंद्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत घातक रिवाज आहे. मी स्वतः तो एकदा केला. एका कामाच्या आगाऊ रकमेतून दुसऱ्या कामाचे लोखंड उचलले, दुसऱ्या मालकाने बिल अडवले आणि अखेरीस दोन्ही साइटवरचे सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) तीन महिने तसेच उभे राहिले. विकासकाच्या बाबतीत तर कायद्यानेच हा मार्ग बंद केला आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि अभियंता, वास्तुविशारद व सीए यांच्या दाखल्यांनुसार, काम जितके पुढे गेले तितकीच काढता येते. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, १ जुलै २०२४ पासून संकलन, स्वतंत्र आणि व्यवहार अशी तीन खाती एकाच बँकेत ठेवणे बंधनकारक केले आहे. ठेकेदारावर असे बंधन नसले, तरी प्रत्येक कामाचे वेगळे खाते त्याने स्वतःहून उघडावे.

करांबाबत दोनच गोष्टी सांगतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या योजनेत निवासी सदनिकेवरील जीएसटी परवडणाऱ्या घरांना १ टक्का आणि इतरांना ५ टक्के आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; शिवाय किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून नसेल, तर तुटीवर विकासकालाच कर भरावा लागतो. म्हणून बिलाशिवाय मिळणारी ‘स्वस्त’ वाळू-खडी शेवटी स्वस्त पडत नाही. सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावेत. उशीर झाल्यास व्याज लागते आणि तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. कर्जाला वैयक्तिक हमी देताना राहते घर मात्र कधीही तारण ठेवू नये.

करार आणि लेखी सूचना

२०२२ च्या वसंतात युक्रेन युद्धानंतर लोखंडाचे भाव भडकले, तेव्हा ज्यांच्या करारात भाववाढीचे कलम होते ते तरले. सिमेंट, लोखंड आणि डिझेल यांचा मूळ भाव, त्याची तारीख आणि किती टक्के चढ-उतारानंतर फरक मिळेल, हे तिन्ही आकडे करारात लिहावेत. ‘भाववाढ परस्पर संमतीने’ असे मोघम वाक्य वादाच्या वेळी कुणाच्याच कामी येत नाही. त्यासोबत मुदतवाढीची कारणे, दंडाची कमाल मर्यादा, बिल किती दिवसांत तपासायचे आणि वाद झाल्यास लवाद कोठे बसणार, हेही ठरवावे. करारावर योग्य मुद्रांक शुल्क भरावे, अन्यथा तो पुरावा म्हणून वाचला जात नाही.

जादा कामाची सूचना तोंडी आली, तर त्याच संध्याकाळी मालकाला ईमेल करावा: आज साइटवर अमुक बदल सांगितला, त्याचा अंदाजे खर्च इतका आणि त्यासाठी इतके दिवस वाढतील. मालकाशी घरोबा असला तरी हा नियम मोडू नये. माझा अनुभव असा, की लेखी हिशेबामुळे घरोबा टिकतो. विकासकाने नोंदणीकृत करारापूर्वी ग्राहकाकडून किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, ताब्याची तारीख देताना पावसाळे आणि परवानग्या मोजाव्यात, आणि संरचनात्मक दोषांची पाच वर्षांची जबाबदारी आपली आहे हे लक्षात ठेवून वॉटरप्रूफिंग व आरसीसीच्या उपठेकेदारांकडून तितक्याच मुदतीची लेखी हमी घ्यावी.

खोदकाम

येथे मला थोडे थांबायचे आहे. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा जण गेले, त्यांत लहान मुले होती. तीनच दिवसांनी आंबेगावात तशाच प्रकारे सहा जण गेले. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत स्लॅब कोसळून नऊ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात सळ्यांची जाळी कोसळून पाच कामगारांचा जीव गेला. ज्या भिंतीचा पाया आपण खणून उघडा केला किंवा जिच्यामागे पाणी साठते, तिच्या उंचीच्या दीडपट अंतरात कामगारांची वस्ती ठेवू नये, हा नियम मी माझ्या साइटवर कोंढव्यानंतर घातला आणि तो आजवर कुणाच्याही सोयीसाठी शिथिल केला नाही.

तळघराचे खोदकाम अशा बेताने करावे, की मृग निघण्याआधी आधारभिंत जमिनीच्या पातळीपर्यंत आलेली असेल. ते जमणार नसेल, तर खोदकाम दिवाळीनंतर सुरू करावे. दीड मीटरहून खोल चर आधार दिल्याशिवाय किंवा उतार काढल्याशिवाय खणू नये आणि उपसलेली माती कडेला रचू नये. खणण्यापूर्वी शेजारच्या इमारतीतील प्रत्येक भेगेचे दिनांकासह छायाचित्र घ्यावे, त्याची प्रत शेजाऱ्यांना देऊन पोच घ्यावी आणि मोठ्या भेगांवर काचपट्टी चिकटवून ती तडकली का, हे दर आठवड्याला पाहावे. यामुळे खोट्या दाव्यापासून बचाव होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरी हालचाल वेळेवर कळते. स्लॅब भरण्याआधी सेंटरिंगची तपासणी संरचना अभियंत्याने लेखी द्यावी. मुकादमाचे ‘सगळं ओके आहे साहेब’ पुरेसे नाही. मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) किंवा त्याहून गंभीर कलम १०५ (सदोष मनुष्यवध) खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तेव्हा पोलीस हाच कागद प्रथम मागतात.

विमा, चोरी आणि धमकी

ठेकेदाराची सर्व जोखीम पॉलिसी पूर्ण कामाच्या रकमेची घ्यावी. दहा कोटींचे काम सहा कोटींना विमा केले असेल, तर पाच लाखांच्या नुकसानीवर तीन लाखच मिळतात. शेजारच्या मालमत्तेला आणि आधार कमकुवत झाल्याने होणाऱ्या हानीला संरक्षण वेगळे मागून घ्यावे, आणि काम काही काळ थांबणार असेल, तर विमा कंपनीला लेखी कळवावे. उपठेकेदाराच्या कामगारांची नुकसानभरपाईही शेवटी तुमच्याकडे मागितली जाऊ शकते, म्हणून त्यांची नावे तुमच्याच कामगार-भरपाईच्या पॉलिसीत असावीत.

लोखंडाची चोरी रात्रीच्या कुंपणापेक्षा दिवसाच्या काट्यावर जास्त होते. भरलेली आणि रिकामी गाडी आपण निवडलेल्या वजनकाट्यावर तोलावी आणि मग नग मोजून पडताळावे. व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग भागिले १६२ केले, की मीटरमागे किलो मिळतात, म्हणजे १२ मिलिमीटरची बारा मीटर सळई सुमारे १०.६६ किलो भरते. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री होईपर्यंत पैसे पाठवू नयेत आणि फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी. माल उतरवण्याच्या नावाखाली कुणी दमदाटी करून पैसे मागितले, तर प्रथम माथाडी (हमाल कामगार) मंडळाची नोंदणी दाखवण्यास सांगावे, संभाषण व सीसीटीव्ही चित्रण जपावे आणि पहिल्याच मागणीला पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. एकदा दिलेली रक्कम पुढच्या महिन्याचा दर ठरते.

अपघात झालाच, तर जखमीला रुग्णालयात पोहोचवणे, वीज तोडणे आणि इतरांना जागेवरून हटवणे याखेरीज पहिल्या तासात काहीही करू नये; पुरावा हलवू नये, हजेरीपट मागाहून भरू नये. त्यानंतर पोलीस, कामगार विभाग आणि विमा कंपनी यांना त्याच दिवशी लेखी कळवावे. मृत्यू झाला असल्यास भरपाईची रक्कम नातेवाइकाच्या हातात रोख देऊ नये, ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी, कारण परस्पर दिलेली रक्कम कायद्याने भरपाई धरली जात नाही आणि गावाहून आलेल्या दिरा-भावांकडून ती विधवेपर्यंत पोहोचेलच असे नाही. मृतदेह गावी नेण्याचा खर्च, सोबत जाणाऱ्यांची तिकिटे आणि त्या बाईच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, ही व्यवस्था मात्र मालकाने स्वतः उभे राहून त्याच दिवशी करावी.