आधी काय मोडणार ते विचारा : मशीन, मिक्सर, ड्रिल घेताना या चुका टाळा

आमचं वॉशिंग मशीन सहाव्या वर्षी अचानक विमान उडाल्यासारखा आवाज करायला लागलं. स्पिन सुरू झालं की भिंती थरथरायच्या. बेअरिंग गेलंय हे मलाही कळत होतं, आणि बेअरिंग म्हणजे काय तर ड्रम ज्यावर फिरतो ती मुठीत मावणारी वस्तू, त्यात एवढं काय. मेकॅनिकने मागचं कव्हर काढलं, टबभोवती बोट फिरवत नेलं आणि म्हणाला, "दादा, इथे बोल्ट पाहिजे होते, इथे तर वेल्डिंग आहे." बघितलं तर खरंच, प्लास्टिकच्या टबचे दोन अर्धे भाग गरम करून एकमेकांना कायमचे चिकटवलेले. बेअरिंग आत, पण आत जायला वाटच नाही. बदलायचा तर अख्खा टब, ड्रमसकट, आणि तो आकडा ऐकून मी गप्प बसलो कारण नवीन मशीन त्यापासून फार लांब नव्हतं.

आता हे मशीन घेताना मी काय बघितलं होतं माहितीये? प्रोग्राम किती, रंग कुठला, आणि मोटरवर १० वर्षं वॉरंटी. ती मोटर शेवटपर्यंत ठणठणीत होती. भंगारातही ठणठणीतच गेली.

तेव्हापासून "किती वर्षं टिकेल हो?" हा प्रश्न मी विचारणं बंद केलंय, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्याऐवजी विचारायचं की यातलं सगळ्यात आधी काय जाणार, आणि ते गेलं तर तेवढंच बदलता येईल का. बाकीच्या चुका बऱ्याचशा इथूनच फुटतात.

वॉरंटीचा मोठा आकडा बघून भुलणं

मोठी वॉरंटी बहुतेक वेळा अशा भागावर असते जो तसाही लवकर जात नाही. मोटर, कॉम्प्रेसर वगैरे. जाणारे भाग वेगळेच असतात: दाराचं रबर, पाणी बाहेर टाकणारा पंप, सर्किट बोर्ड. त्यांच्यावर बघाल तर वर्ष-दोन वर्षं. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरची वॉरंटी म्हणजे बऱ्याचदा फक्त कॉम्प्रेसरचा डबा, गॅस भरणं आणि मजुरी आपल्या खिशातून, तेव्हा घेण्याआधी त्या कार्डावरचे बारीक अक्षर वाचा, कंटाळा आला तरी.

एक्स्टेंडेड वॉरंटीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. यंत्रं बिघडतात ती साधारणपणे एकदम सुरुवातीला, कारखान्यातलाच काहीतरी दोष असतो म्हणून, नाहीतर म्हातारी झाल्यावर. मधला काळ त्यातल्या त्यात शांत असतो, आणि आपल्याला जादा पैसे घेऊन विकतात तो नेमका हाच मधला काळ. त्यापेक्षा फुकटातला उपाय म्हणजे वस्तू आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिच्याकडून सगळं करून घ्या, सगळे प्रोग्राम, सगळे स्पीड, सगळी भांडी. खूप जण जादाची भांडी खोक्यातच ठेवतात आणि दीड वर्षाने कळतं की एक गळतंय.

वॉट म्हणजे ताकद समजणं

वॉट म्हणजे यंत्र वीज किती खातं. काम किती करतं ते वेगळं. युरोपियन युनियनने व्हॅक्यूम क्लीनरला २०१४ मध्ये १६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, तरी तिथली घरं काही धुळीत बुडाली नाहीत, कंपन्यांनी हवेचा मार्ग आणि तोंडाचा ब्रश सुधारला आणि काम भागलं. तेव्हा खोक्यावरचा मोठ्ठा वॉट बघून खूश होऊ नका, यंत्र उलटं करून खालची पट्टी वाचा. मिक्सर, ब्लेंडरवर कधी कधी 'केबी' (KB) आणि पुढे मिनिटं लिहिलेली असतात. जर्मन शब्दाचं ते लघुरूप, अर्थ एवढाच की सलग इतकीच मिनिटं चालवा आणि मग थांबू द्या. १ मिनिटवाला ब्लेंडर ५ मिनिटं फिरवला आणि जळाला तर त्यात कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, पट्टीवर लिहिलं होतं.

जड म्हणजे दणकट, आणि चुंबकाची टेस्ट

पुढून दार असलेलं मशीन उचलायला दोन माणसं लागतात ते दणकट लोखंडामुळे नाही, आत टबला काँक्रीटचे ठोकळे बांधलेले असतात, स्पिनमध्ये मशीन नाचू नये म्हणून. वजन आहे, पण ते सिमेंटचं! ड्रिलसारख्या वस्तूत वजनाला थोडा अर्थ असतो कारण आत धातूचे गिअर आहेत की प्लास्टिकचे त्याचा अंदाज येतो, तोही अंदाजच.

चुंबकाचं तर विचारूच नका. स्टीलला चुंबक चिकटला नाही म्हणजे माल एक नंबर, असं कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय. ३०४ या चांगल्या ग्रेडला सहसा चिकटत नाही हे बरोबर, पण हलक्या २०१, २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. उलट ४३० ला चिकटतो आणि तेही स्टेनलेसच. म्हणजे ज्या दोघांतला फरक कळायला हवा तोच या टेस्टमध्ये कळत नाही. इंडक्शनवर भांडं चालेल का एवढंच चुंबकाला विचारा, ते तो बरोबर सांगतो.

"पूर्वीच्या वस्तू टिकायच्या"

अर्धं खरं. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून पेटतोय, त्याचा दाखला सगळे देतात. पण तो फारच मंद, जेमतेम ४ वॉटचा जळतो आणि जवळजवळ कधीच बंद-चालू होत नाही. असं वागवलं तर टिकणारच की. दुसऱ्या बाजूला हेही खरं की १९२४ मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाची टोळी करून बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं होतं, त्यामुळे संशय घेणाऱ्यांना अगदीच वेड्यात काढता येत नाही. तरी लक्षात घ्या की आजीच्या काळातलं जे बिघडलं ते केव्हाच फेकलं गेलं, आपल्याला दिसतं ते उरलेलं.

एलईडी बल्बचंही त्या वॉरंटीसारखंच, २५,००० तास म्हणतात तो आकडा आतल्या एलईडीचा. आधी मरतो तो त्याला वीज पुरवणारा छोटा बोर्ड, त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणारा भाग. साधारण १० अंशांनी तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, म्हणून बंद काचेच्या गोळ्यात लावलेले बल्ब लवकर जातात. बल्ब बदलून बदलून थकला असाल तर कंपनी बदलण्याआधी गोळा बदला.

अवजारांत बॅटरी विसरणं

कॉर्डलेस ड्रिलवर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असतं आणि शेजारी १८ व्होल्टचं ड्रिल, लोक २० वालं उचलतात. दोन्हींच्या बॅटरीत ओळीने जोडलेले पाचच सेल असतात. पूर्ण चार्ज असताना सेल साधारण ४ व्होल्ट दाखवतो, कामाला लागल्यावर ३.६. पाचाने गुणा, एकात २० येतात, दुसऱ्यात १८, वस्तू तीच! आणि ड्रिलमध्ये आधी काय जाणार, तर बॅटरी, न वापरता ठेवली तरी. म्हणून ड्रिल घेताना खरं तर आपण बॅटरी घेतोय असं समजा, तीच बॅटरी पाच वर्षांनी सुटी मिळेल का, इतर अवजारांना बसेल का ते बघा. वर्षातून दोनदा भोक पाडणाऱ्याने सरळ वायरवालं घ्यावं, स्पष्ट मत आहे माझं.

स्क्रूड्रायव्हरमध्ये एकच सांगतो. प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेटेड नव्हे. खरा इन्सुलेटेड असेल तर त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि त्याची चाचणी १०,००० व्होल्टला झालेली असते. विजेच्या कामात यावर काटकसर नको.

बिघडलं म्हणून लगेच नवीन आणणं

ही सगळ्यात महागातली चूक. मिक्सर काम करता करता मुका झाला? खाली लाल बटण असतं, ओव्हरलोडचं, थंड होऊ द्या आणि दाबा. मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, तर मोटर आणि भांडं जोडणारा कपलर झिजलाय, तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, मोटर वाचावी म्हणून. आतून ठिणग्या आणि वास येतोय तर बहुतेक मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत, तेही बदलता येतात. पंखा हळू झाला तर दहातल्या आठ वेळा कपॅसिटर (हा माझा घरचा हिशोब, शास्त्र नाही), पण तो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, बंद असतानाही झटका देऊ शकतो. फ्रिज थंड करत नाही तर दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय, आणि मागची जाळी धुळीने भरली असेल तर आधी ती साफ करा. टाकीवाल्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, टाकीऐवजी तो स्वतः गंजतो, आणि तो संपल्यावर टाकीचा नंबर लागतो, पण तो काढून बघायचा असतो हे विकताना कुणी सांगत नाही.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण छापावे लागायला लागले, त्यात पुढून दार असलेली वॉशिंग मशीनही होती. युरोपात त्याच वर्षीपासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग १० वर्षं मिळाले पाहिजेत असाही नियम आला, पण त्यात गंमत अशी की बेअरिंग सुटं दिलं काय किंवा ड्रमसोबत गठ्ठ्यात दिलं काय, दोन्ही चालतं. म्हणजे माझ्यासारख्याची अडचण तिथेही आहेच.

म्हणून यावेळी मशीन घेताना मी उलटीकडून सुरुवात केली. आधी मॉडेल नंबर टाकून बेअरिंग आणि सील सुटं विकायला आहे का ते शोधलं, मग त्याच मॉडेलचा टब कुणी उघडलेला व्हिडिओ बघितला, कडेने बोल्ट मोजले, आणि मगच दुकानात गेलो. सेल्समन मला स्टीमचा प्रोग्राम दाखवत होता आणि मी त्याला टब कसा उघडतो ते सांगत होतो. त्या मॉडेलमध्ये एकच रंग शिल्लक होता, आणि तो घरात अजून कुणालाच आवडलेला नाही.