रोबो टीमची वही आणि सामानाचा हिशेब कसा ठेवायचा

रोबो किती पळतो ते स्पर्धेच्या परीक्षकांना मैदानात दिसतंच. टेबलापाशी आल्यावर ते विचारतात, ‘हीच मोटर का?’ आणि ज्याने ती निवडली तो पोट्टा नेमका तेव्हा चहाला गेलेला असतो. म्हणून वही हवी, आणि तीही काम चालू असतानाच भरलेली. शेवटच्या आठवड्यात बसून लिहिलेली वही लगेच ओळखू येते. सगळीकडे एकच अक्षर, एकच शाई आणि फसलेला प्रयोग एकही नाही!

वही बांधीव घ्या, स्पायरलची पानं निघतात. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर आकडे घाला. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, व्हाइटनर नको. आणि अक्षर चांगलं आहे म्हणून लिहिण्याचं काम एकाच मुलीच्या गळ्यात मारू नका. ज्याने काम केलं त्याने त्याच संध्याकाळी लिहायचं.

‘मोटर बदलली, आता बरं चालतं’ ही काही नोंद नव्हे. नोंद अशी असावी (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे): ‘३०० आरपीएमची मोटर, १० सेंमी व्यासाचं चाक. हिशेबाने वेग सेकंदाला १.५७ मीटर. वळणावर रोबो रेषेबाहेर जातो. २०० आरपीएमची लावली तर वेग १.०५ मीटरवर येईल, फेरीला वेळ जास्त लागेल. तरी २०० ची लावून पाहायचं ठरलं, कारण रेषा सुटली की गुण जातात.’ खाली चाचणीचा आकडा लिहा. वजन पडलं की मोटर मंदावते, त्यामुळे प्रत्यक्ष वेग हिशेबापेक्षा कमी भरतो. तो फरक झाकू नका, परीक्षकांना त्यातच रस असतो. सोबत हाताने काढलेलं चित्र चालेल, पण त्यावर मापं हवीत. फोटो काढताना सुट्या भागाशेजारी पट्टी ठेवा.

सामानाची यादी मात्र वहीत नको, संगणकावर तक्त्यात ठेवा. नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन ‘भाऊ, मागच्या वेळी दिली तशीच मोटर द्या’ म्हटलं की भाऊ पुढ्यात तीन मोटरी ठेवतात, तिन्ही सारख्याच दिसणाऱ्या. एकीचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, ४ मिमी, दुसरीचा ६. चुकीची उचलली की शाफ्टला चाक जोडणारं कपलिंग बसत नाही आणि रविवार वाया जातो. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे व्होल्ट, आरपीएम, शाफ्टची जाडी, दुकान, किंमत, रोबोत कुठे बसवली आणि सुट्या किती उरल्या, एवढं लिहा. इतवारीत लोहाओळीला बोल्ट आणायला कुणाला पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर ‘छोटे स्क्रू’ नको. ‘एम३ (म्हणजे ३ मिमी जाडीचे), लांबी १० मिमी, २० नग’ असं लिहा. बिलाचा फोटो दुकानातच काढा, थर्मल कागदावरचं छापील उडून जातं.

जळालेल्या मोटर ड्रायव्हरची (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) ओळ तक्त्यातून पुसू नका. तारीख आणि कारण लिहून तशीच राहू द्या. पुढच्या वर्षीची बॅच हेच आधी वाचते, निदान वाचायला हवं.

थ्रीडी प्रिंट केलेल्या भागापुढे प्लास्टिक कोणतं तेही लिहा. पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. नागपूरच्या मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) राहिला तर तो वाकडा होऊनच बाहेर येईल. मग पुन्हा छापायचा तर इनफिल (आतली भरण) किती, लेअर (एकेक थर) केवढा, हे आकडे हाताशी लागतातच.

वायरिंगसाठी एक पान पुरे: कोणती पिन कुठे जाते, वायरचा रंग कोणता. ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची आणि अर्डुइनो ऊनो बोर्डाची ५ व्होल्टची. दोन्ही वापरत असाल तर हे ठळक लिहा. डिझाइनच्या फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात.

स्पर्धेसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे परीक्षकांना द्यायचा कामाचा सारांश, वेगळा बनवावा लागतो, कारण तिथे पानांना मर्यादा असते. फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत मुखपृष्ठ सोडून १५ पानं मिळतात. यंदाचा नियम स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्या. वहीतलं सगळं त्यात कोंबू नका. तीन-चार मोठे निर्णय निवडा आणि प्रत्येकाच्या शेवटी वहीचा पान क्रमांक द्या. परीक्षकांनी बोट ठेवलं की टेबलावर जो असेल त्याने ते पान उघडून पुढे करायचं.