“प्रभूने मला सांगितलं” इथून सुरुवात नका करू

दरवर्षी युथ कॅम्पवरून परत आलं की एखादा तरी पोरगा येऊन सांगतो, ताई, प्रभूने मला दाखवलं, तीच माझी बायको. मी विचारते, तिला दाखवलं का? मग गप्प. माझ्या नवऱ्यानेही मला हेच सांगितलेलं, पुण्यातल्या कॅम्प भागात बेकरीच्या रांगेत उभं असताना, आणि मी म्हटलं होतं की मला अजून तरी काही निरोप नाही, आला की कळवते. कळवायला मला १४ महिने लागले. त्या १४ महिन्यांत जे बघितलं आणि लग्नानंतर मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, नव्या जोडप्यांसोबत बसून जे ऐकलं त्यावरून हे लिहितेय. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे प्रॉटेस्टंट, पण आत्या रोमन कॅथलिक घरात दिलेली, त्यामुळे दोन्हीकडची धावपळ जवळून पाहिलीये.

तर आधी ते वाक्य सोडा. देव बोलत नाही असं मी म्हणत नाहीये, पण ते वाक्य समोरच्या मुलीच्या तोंडाला कुलूप लावतं, ती नाही म्हणाली तर जणू देवालाच नाही म्हणाली. खूणच मागायची असेल तर बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय नीट वाचा. अब्राहामाचा नोकर इसहाकासाठी मुलगी शोधायला जातो आणि विहिरीपाशी खूण मागतो एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण मागतो काय? आकाशातून आवाज नाही. जी मुलगी मला पाणी देईल आणि वर आपणहून उंटांनाही पाजीन म्हणेल ती. उंट १०! लांबून चालून आलेले, आणि घागर एक. म्हणजे खूण काय तर स्वभाव. पुढे घरचे रिबकेलाच बोलावून विचारतात, ह्या माणसाबरोबर जातेस का, ती म्हणते जाते. आणि इसहाकाचं तिच्यावर प्रेम बसलं हे कधी लिहिलंय? ६७ व्या वचनात, ती बायको झाल्यानंतर.

आता पुण्यात उंट कुठून आणायचे. ख्रिसमसच्या प्रेमभोजनानंतर हॉलमध्ये थांबा आणि कोण खुर्च्या उचलतंय, कोण पातेली घासायला गेलंय आणि कोण गिटार घेऊन फोटो काढतंय ते बघा. स्वारगेटच्या सिग्नलला मागून कोणी हॉर्न मारला की हा काय बोलतो ते ऐका. रिक्षावाल्याशी, वॉचमनशी, स्वतःच्या धाकट्या बहिणीशी कसा बोलतो ते ऐका, तुमच्याशी कसा बोलतो त्याला ह्या काळात फार मार्क देऊ नका, तुमच्याशी तर तो गोडच बोलणार. हे बघायला एक पूर्ण वर्ष द्या. कारण मार्चमधला माणूस वेगळा आणि अप्रेझलच्या महिन्यातला वेगळा असतो, हिंजवडीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रेमाबद्दल बोलायचं तर मराठी बायबलमध्ये शब्द येतो प्रीती, आणि लग्नात १ करिंथ १३ वाचलं नाही असं मी एकच लग्न पाहिलंय, तिथे माइक बंद पडला होता. पण प्रेषित पौलाचं ते पत्र, त्याने ते लग्नासाठी लिहिलंच नव्हतं, करिंथची मंडळी आपापसात भांडत होती, गट पडले होते, त्यांना लिहिलंय. मला तर त्यामुळे ते लग्नाला जास्तच लागू वाटतं. त्यात एक ओळ आहे, प्रीती अपकार स्मरत नाही. मूळ ग्रीक शब्द हिशेबातला आहे, वहीत नोंद करून ठेवणं असा. आपल्याकडे ह्याला सरळ शब्द आहे, मागचं काढणं. भाजीत मीठ कमी पडल्यावरून सुरू झालेलं भांडण साखरपुड्याला तुमच्या मामींनी काय टोमणा मारला होता तिथे जाऊन पोचतं ना, ते. लग्नाआधी एकदा तरी खरंखुरं भांडण होऊ द्या आणि बघा दोघांपैकी वही कोण काढतंय. भांडण झालंच नाही म्हणत असाल तर अजून तारीख काढू नका, प्लीज.

इफिस ५ चं पण असंच. पुरुषमंडळी २२ व्या वचनापासून वाचायला सुरू करतात, पत्नींनो अधीन असा वगैरे. एक वचन आधीपासून वाचा, २१ पासून, तिथे सगळ्यांनाच सांगितलंय की एकमेकांच्या अधीन राहा. काही अगदी जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२ मध्ये ते क्रियापदच नाही, वरच्या ओळीतून घ्यावं लागतं. आणि नवऱ्याने किती प्रीती करायची तर ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तितकी, म्हणजे वधस्तंभापर्यंत, त्यामुळे पती पत्नीचं मस्तक आहे हे पुढचं वचन धरून मस्तक मस्तक करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. शरीरसंबंधांचंही तेच. चर्च म्हणतं ते लग्नानंतर, ते तुम्हाला माहीत आहे आणि मीही तेच मानते, पण शरीर घाण आहे म्हणून नाही, गीतरत्न हे प्रेमगीतांचं अख्खं पुस्तक बायबलमध्ये आहे. १ करिंथ ७ मध्ये पौल म्हणतो की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार आणि तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. त्या काळात हे दुसरं वाक्य कोण लिहीत होतं? एक मात्र स्पष्ट सांगते, कोणी हात उचलत असेल तर तिथे क्षमेचं वचन काढून बसू नका, आधी सुरक्षित जागी जा, ११२ ला फोन करा, पाळकसाहेबांना नंतर.

घरचे. खरी गंमत इथे आहे. ख्रिस्तात यहूदी नाही ग्रीक नाही हे गलती ३ मधलं वचन ज्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय त्यांच्याच तोंडून मी ऐकलंय की मुलगी विश्वासू आहे, शिकलेली आहे, पण त्यांचे पूर्वज कुठल्या वाड्यातले ते जरा विचारून घ्या. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या आणि जात अजून चपलेसारखी दाराबाहेर वाट बघत बसलीये. ह्यावर माझ्याकडे युक्ती नाही, पण लपवू नका, आधी पाळकांना नाहीतर फादरना सांगा, ते आई-वडिलांशी बोलतात तेव्हा फरक पडतो. आणि रूथचं वचन पत्रिकेवर छापणार असाल, तुमचे लोक ते माझे लोक वालं, तर लक्षात असू द्या की ते नवऱ्याला नाही, सासूला म्हटलेलं आहे. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, मग तू का नाही म्हटलंस.

मुलगा किंवा मुलगी ख्रिस्ती नसेल तर? विजोड जुवात जाऊ नका हे २ करिंथ ६ मधलं वचन लगेच फेकून मारलं जातं. ते मुळात फक्त लग्नाबद्दल नाही, पण चित्र खरं आहे, बैलजोडी जमली नाही तर दोन्ही बैलांच्या माना सोलवटतात. दुसरीकडे १ करिंथ ७ मध्ये तोच पौल सांगतो की जोडीदार विश्वासात नसेल आणि एकत्र राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका. लक्ष्मीबाई टिळकांचं आठवा. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० ला, मधली वर्षं आधी ताटातूट आणि मग एकत्र येऊनही चूल वेगळी. बाप्तिस्मा घेतला तो मनाने वळल्यावर, स्वतःच्या वेळेला. म्हणून लग्नासाठी बाप्तिस्मा घे असं कोणाला म्हणू नका, तो काही हॉलचा पास नाही. रोमनमध्ये बिशपांची परवानगी काढून असं लग्न होऊ शकतं, त्यात कॅथलिक पार्टीला वचन द्यावं लागतं की मुलांना कॅथलिक वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन, आणि हे दुसऱ्याला आधी सांगितलेलं असावं लागतं. मुलांचा विषय म्हणूनच पत्रिका छापायच्या आधी.

कागदपत्रं पटापट सांगते. लग्न होतं १८७२ च्या इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्टखाली, दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८. ज्या चर्चमध्ये करायचं तिथे आधी भेटा, नोटीस द्यावी लागते, आणि चर्चमध्ये साधारण ३ रविवार नावं पुकारतात, बॅन्स. कोणाला हरकत असेल तर तेव्हा सांगायची असते, प्रत्यक्षात होतं इतकंच की पुढच्या बाकावरच्या सगळ्या मावश्या मागे वळून बघतात. बाप्तिस्म्याचा दाखला, आधारकार्ड, जन्मतारखेचा पुरावा, दुसऱ्या चर्चचे असाल तर तिथलं पत्र. रोमनमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला लागतो, आणि लग्नाआधीचा कोर्स करावाच लागतो, तो कटकट म्हणून करू नका, पैशावरचं सेशन तर प्रॉटेस्टंटांनीही जाऊन बसावं असं असतं. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आत ठेवा, काही अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका, आणि डिसेंबरात कॅम्पातलं ट्रॅफिक धरून निघा. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बहुतेक चर्च लग्न घेत नाहीत, आगमनकाळात, म्हणजे ख्रिसमसआधीच्या आठवड्यांतही, विचारून घ्या. दोघं वेगळ्या धर्माचे आणि चर्च नकोच असेल तर १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे, त्यात ३० दिवसांची नोटीस.

आणि एक होमवर्क, जो आम्ही प्रत्येक जोडप्याला देतो. लग्नाच्या शपथा आधी हातात घ्या, पाळकांकडून लिहून आणा. सुखात दुःखात, आजारात आरोग्यात, गरिबीत श्रीमंतीत. रोमन लोक लग्नाला संस्कार मानतात, आमच्यात तो करार मानतात, देवासमोरचा, पण कॅथलिक शिकवणीतली एक गोष्ट मला फार आवडते, की तो संस्कार फादर देत नाहीत, नवरा-बायको एकमेकांना देतात, फादर चर्चतर्फे साक्षीला. म्हणजे बोलायचं तुम्हालाच. तर एकेक शब्दापुढे खरं उदाहरण लिहा. आजारात म्हणजे तुझ्या बाबांना अर्धांगवायू झाला तर कोणाची नोकरी सुटणार? गरिबीत म्हणजे फ्लॅटचा हप्ता चालू असताना लेऑफ आला तर कुठलं सोनं आधी जाणार? माझ्या नवऱ्याने आमच्या वेळी आजारात ह्या शब्दापुढे लिहिलं होतं, हिला मायग्रेन होतो तेव्हा मी टीव्ही बंद करीन. तो कागद अजून कपाटात आहे. टीव्ही बंद होतो, मोबाईलचं तेव्हा लिहायचं राहिलं.

आणि लग्नाच्या दिवशी करवलीच्या पर्समध्ये दोन पेनं टाकून ठेवा, रजिस्टरवर सही करायच्या वेळी चर्चमधलं पेन हमखास उमटत नाही.