फीडर चालू दाखवतंय पण डीपी (ट्रान्सफॉर्मर) बंद, वादळानंतरच्या नोंदी अशा लावल्या (माझा अनुभव)

औसा साइडला अवकाळीचं वादळ झालं की ११ केव्ही फीडर (सबस्टेशनवरून निघणारी मेन लाइन) जातोच, पण खरा ताप नंतर लाइट गेल्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधी. एकाच फीडरच्या ढीगभर तक्रारी आल्या की सिस्टीम वरच्या ब्रेकरचाच फॉल्ट धरते, अन ब्रेकर घेतला (चालू केला) की खालच्या सगळ्या तक्रारी आपोआप क्लोज, मग जिथं डीओ (ड्रॉप आउट) फ्यूज उडालाय नाहीतर पोलच आडवा झालाय तिथले लोक अंधारात आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. लाइनमन फोनवर बोंबलतोय, वरून साहेब म्हणतेत लाइन तर चालू आहे!

मग ब्रेकर घ्यायच्या आधीच बिघडलेल्या डीपी अन एबी स्विच (पोलवरून लाइन तोडायचा स्विच) सिस्टीममधी ओपन दाखवायला लागलो, म्हणजे त्यांचा आउटेज (लाइट गेल्याची नोंद) वेगळा उघडा राहतो. कारणाच्या रकान्यात 'वादळ' एकदाच, नुकसान मात्र वेगवेगळं, पोल, कंडक्टर, पिन इन्सुलेटर, जंपर, प्रत्येकाला पोल नंबर आणि फोटो. नुसतं 'वादळ' लिहून सोडलं तर स्टोअरला मटेरियल काय मागणार?

सायडीचा (SAIDI, ग्राहकामागं सरासरी किती वेळ लाइट गेली त्याचा) हिशोबही आता बरोबर येतो, उशिरा लाइट आलेल्या डीपीला फीडरची वेळ पडत नाही. शेतीपंपवाले मात्र लई वेळा तक्रारच करत नाहीत, तिथं लाइन पायी बघावीच लागते.