बाटली उलटी करा आणि मागचं वाचा: केसांच्या सामानातले शब्द समजून घेऊया

शाम्पूच्या बाटलीवर पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते आधी सोडून द्या. नॅचरल, हर्बल, केमिकल फ्री, हिरवं पान, फोडलेला नारळ, यातलं काहीही बाटलीत नक्की काय आहे ते सांगत नाही, आणि केमिकल फ्री तर कुठलीच गोष्ट नसते, पाणीसुद्धा केमिकलच आहे. बाटली उलटी करा, मागे अगदी बारीक अक्षरात इन्ग्रेडियंट्स असं लिहून पुढे एक मोठी यादी असते, ती खरी. मोबाईलनं फोटो काढून झूम करून वाचा, दुकानात उभं राहून मी अजूनही तेच करते.

माझे केस कुरळे आहेत आणि लहानपणी घरात कुणालाच ते कुरळे आहेत असं वाटलं नाही, सगळ्यांना ते पिंजारलेले वाटायचे, मग तेल चोपडून घट्ट दोन वेण्या, नंतर कॉलेजात स्ट्रेटनर, आणि मग जे तुटायला लागले ते लागलेच. त्यानंतर मी हे सगळे शब्द एकेक करून शिकले. ज्या मुली आता सुरुवात करतायत त्यांना एवढं भटकायला लागू नये म्हणून एकत्र लिहितेय.

पहिला गोंधळ नॅचरल या शब्दाचाच. इंग्रजी व्हिडिओत नॅचरल हेअर म्हणतात तेव्हा बरेचदा जडीबुटीबद्दल बोलत नसतात. हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचा, रिलॅक्सर म्हणजे केस सरळ करणारं रसायन, ते लावून सरळ न केलेले, जसे उगवतात तसे ठेवलेले केस म्हणजे नॅचरल, आणि त्यामागे खूप मोठा स्वाभिमानाचा इतिहास आहे, कारण तिथे शाळेत आणि नोकरीत त्या केसांवरून बायकांना त्रास दिला गेलाय. शिया बटर, साटनची टोपी घालून झोपणं, एलओसी म्हणजे आधी पाणी किंवा लीव्ह-इन (न धुता केसात तसंच ठेवायचं कंडिशनर) मग तेल मग क्रीम, हे सगळं तिकडून आलं. २ए, ३बी, ४सी हे जे नंबर ऐकता त्यांची मूळ पद्धत पण तिकडचीच, ओप्रा विन्फ्रीचे हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली: १ म्हणजे सरळ, २ लहरी, ३ कुरळे, ४ एकदम घट्ट. आपल्याकडे बहुतेकींचे केस १ ते ३ मध्ये बसतात, म्हणून ४ नंबरच्या केसांसाठी सांगितलेलं जाड बटर आपण लावलं की केस तेलकट आणि चपटे होतात. त्यात बटरची चूक नाही, ते आपल्या केसांसाठी सांगितलेलंच नव्हतं.

आता यादी कशी वाचायची. आपल्याकडे नियम असा आहे की १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमानं लिहायचे, आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमानं. म्हणजे पहिली पाच-सहा नावं हाच खरा माल. त्यात पण पहिलं बहुतेक वेळा ॲक्वा, म्हणजे साधं पाणी. यात एक युक्ती आहे जी मला फार उपयोगी पडली: फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. हे प्रॉडक्ट टिकावं म्हणून घालतात आणि ते १ टक्क्यापर्यंतच वापरतात. त्याच्या नंतर जे जे आहे ते साधारण १ टक्का किंवा त्याच्या आतलं समजायचं. आता बघा, पुढे मोठ्या अक्षरात जास्वंद आणि माका लिहिलेलं असतं आणि मागे ते दोन्ही फिनॉक्सीइथेनॉल, रंग आणि सेंटच्या शेजारी बसलेले असतात. मग जास्वंदीसाठी जादा पैसे द्यायचे का ते तुम्ही ठरवा, माझं उत्तर नाही.

मग नावं. सगळी पाठ करायची गरज नाही, कोण काय काम करतं तेवढं बघायचं.

धुणारे: सोडियम लॉरिल सल्फेट आणि सोडियम लॉरेथ सल्फेट, यांनाच लोक सल्फेट म्हणतात, भरपूर फेस आणि जोरदार सफाई. सल्फेट विषारी वगैरे नाही, रोज चपचपीत तेल लावणाऱ्या माणसाला ते लागतंच, पण कोरड्या कुरळ्या केसांना नेहमीसाठी जरा जास्त होतं. सौम्य पाहिजे तर कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही नावं वर आहेत का बघा. आणि इथे एक फसगत होते, सल्फेट फ्री लिहिलेल्या कितीतरी बाटल्यांत सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असतं, नाव सल्फेट नाही पण सफाई जवळपास तेवढीच जोरदार, मग सल्फेट फ्री वापरून पण केस का वाळतात म्हणून आपण बुचकळ्यात पडतो.

अल्कोहोल शब्द दिसला की बाटली खाली ठेवू नका. सिटाइल, सिटेअरिल, स्टिअरिल अल्कोहोल ही मेणासारखी, मऊ करणारी असतात, कंडिशनर जाडसर असतो तो यांच्यामुळेच. केस कोरडे करणारी ती अल्कोहोल डिनॅट आणि आयसोप्रोपिल, ती पण यादीत वर असतील तरच.

सिलिकोन म्हणजे ज्यांची नावं कोन, कोनॉल किंवा सिलोक्सेननं संपतात, डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल वगैरे. हे केसावर गुळगुळीत थर देतात, गुंता सुटतो, चमक येते. त्रास असा की काही सिलिकोन सौम्य शाम्पूनं नीट निघत नाहीत आणि थरावर थर चढत जातो, म्हणून सिलिकोन वापरत असाल तर महिन्यातून एक-दोनदा जोरदार शाम्पू लागणारच. नावाच्या आधी पीईजी असेल तर ते बहुधा पाण्यानं निघतं. करली गर्ल मेथड म्हणून जे चालतं, लॉरेन मॅसी या अमेरिकेतल्या हेअरस्टायलिस्टनं २००० च्या सुमारास लोकप्रिय केलेलं, त्यात सिलिकोन आणि सल्फेट दोन्ही बंद असतात, सल्फेट नसेल तर सिलिकोन नीट निघत नाही म्हणून ते जोडीनं बंद आहेत, एक बंद करून दुसरं चालू ठेवलं की गडबड होते.

ह्युमेक्टंट म्हणजे ओलावा ओढणारे: ग्लिसरीन, मध, कोरफड. हे हवेवर अवलंबून असतं आणि हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये ग्लिसरीनवालं क्रीम लावलं तर हवेतलं पाणी ओढून केस फुगून बसतात, आणि तेच नागपूरला मे महिन्यात लावलं तर बाहेर हवेत पाणीच नसतं, उलट केसातलंच जातं. म्हणजे प्रॉडक्ट तेच, मैत्रिणीला छान आणि तुम्हाला बेकार, त्यात कुणाचंच खोटं नसतं.

प्रोटीनमध्ये हायड्रोलाइज्ड हा शब्द बघा, म्हणजे तुकडे करून लहान केलेलं, ते केसाला धरून बसतं आणि थोडं आतही जातं. अंडं फोडून डोक्याला लावतात त्यातलं प्रोटीन खूप मोठं असतं, ते आत शिरत नाही, वास मात्र दोन दिवस जात नाही. पार्लरमधली केराटिन ट्रीटमेंट ही वेगळीच गोष्ट आहे, नाव केराटिनचं पण काम केस सरळ करण्याचं, आणि त्यात बरेचदा फॉर्मल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते सोडणारं रसायन असतं. करताना डोळे आणि नाक चुरचुरतं ते त्याचमुळे. नक्की काय लावणार ते आधी विचाराच.

पोरॉसिटी म्हणजे केस पाणी किती पटकन पितो आणि किती पटकन सोडतो. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो बघायची जी टेस्ट आहे ती सोडा, केसावर तेल असलं तरी तो तरंगतो. आंघोळीला लक्ष द्या: केस भिजायलाच वेळ लागतो आणि वाळायला अर्धा दिवस, म्हणजे लो. लगेच भिजले आणि लगेच वाळले, म्हणजे हाय, कलर-स्ट्रेटनिंग केलेले केस बहुतेक असेच होतात. लो असेल तर हलकं लावा, हाय असेल तर जाड क्रीम आणि प्रोटीन चालतं.

बोअरचं पाणी असेल तर यादीत डायसोडियम ईडीटीए असलेला शाम्पू बघा, ते पाण्यातले क्षार पकडतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की माझे केस काथ्यासारखे होतात आणि तेव्हा हाच उपयोगी पडतो.

आता काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुड्या, माझा सगळ्यात आवडता भाग. शिकेकाई आणि रिठा या दोन्हींत सॅपोनिन असतं, फेस त्याचाच. म्हणजे हे पण धुणारेच आहेत, केसांना खाऊ घालणारे नाहीत. रिठा जास्त कडक, शिकेकाई त्यामानानं मवाळ, म्हणून रिठा कमी आणि शिकेकाई जास्त असं प्रमाण ठेवतात. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, साबण मात्र ९-१० पीएचचा, त्यामुळे अंगाच्या साबणानं केस धुतले की खरखरीत होतात आणि शिकेकाईनं तसे होत नाहीत. पण तयार पावडर डायरेक्ट डोक्याला थापू नका, तिचे कण केसात अडकतात आणि चोळताना केस तुटतात. शेंगा आणि रिठे रात्री भिजवा, सकाळी उकळा, कुस्करून गाळा आणि ते पाणी वापरा. डोळे मात्र घट्ट मिटा, रिठा डोळ्यात गेला तर फार झोंबतो. आणि चपचपीत तेलावर हे पुरत नाही, आज्जीच्या वेळी सोबत बेसन असायचं ते त्यासाठीच.

नागरमोथा, कचोरा, वाळा हे मुख्यतः वासासाठी. मेथी, जास्वंदीची पानं, जवस यांचं काम बुळबुळीतपणाचं, तो चिकट द्राव केसावर बसून गुंता सोडवतो. मेथीनं टकलावर केस येतात असं नाही, पण कंडिशनर म्हणून मेथी खरंच छान. माका म्हणजेच भृंगराज, दोन वेगळ्या पुड्या घेऊ नका. आवळा लोखंडी कढईत काळा होतो कारण त्यातल्या टॅनिनची लोखंडाशी क्रिया होते, त्यानं पांढरे केस थोडे काळपट दिसतात, पण मुळातून काळे उगवत नाहीत.

मेंदीबद्दल मात्र नीट वाचा. खऱ्या मेंदीत लॉसोन नावाचा रंग असतो आणि तो केशरी, तांबूस, तपकिरीच येतो, काळा कधीच येत नाही. काळा पाहिजे तर मेंदीनंतर नीळ, म्हणजे इंडिगोची पावडर लावतात. जर एकाच पाकिटावर काळी मेंदी लिहिलंय आणि अर्ध्या तासात काळाभोर रंग येतोय तर त्यात बहुतेक पीपीडी आहे, पॅरा फेनिलीन डायअमीन, हेअर डायमधलं. मी अशीच एक पुडी नॅचरल म्हणून घेतली होती, दुसऱ्या दिवशी कानामागे खाज आणि तिसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजल्या, डॉक्टरांनी सांगितलं की ही ॲलर्जी एकदा लागली की बहुतेक आयुष्यभर राहते. अमोनिया फ्री लिहिलेलं असलं तरी पीपीडी असू शकतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. कुठलाही रंग लावायच्या आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून ४८ तास थांबा, प्रत्येक वेळी, कारण आधी दहा वेळा काही झालं नाही तरी अकराव्या वेळी होऊ शकतं.

तेलात माझं मत आज्जीचंच, खोबरेल. त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, यावर मुंबईतलाच २००३ चा एक अभ्यास आहे, त्यात सूर्यफूल आणि मिनरल ऑइलला हे जमलं नव्हतं (तो अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीतलाच होता हे पण लक्षात ठेवा). म्हणून धुवायच्या आधी एक-दोन तास लावणं पुरेसं आहे. बदाम तेल, आवळा तेल म्हणून विकतात त्याची यादी बघा, पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल तर ते मुख्यतः तेच आहे, चमक देईल, आत जाणार नाही. आणि कोंडा असेल तर तेल लावून रात्रभर ठेवू नका, कोंड्यामागची बुरशी त्याच तेलकटपणावर जगते, त्याला केटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू लागतो.

कांद्याच्या रसाचं सगळे विचारतात. ज्याचा दाखला देतात तो २००२ चा इराकमधला छोटा अभ्यास चाईवर होता, म्हणजे गोल चकत्या पडतात त्यावर, नेहमीच्या केसगळतीवर नाही. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी झुपकेच्या झुपके गळतात ते बहुतेक आपोआप थांबतं, नाही थांबलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा, डोक्याला कांदा चोळत सहा महिने घालवू नका.

आणि विकतचं जेल महाग वाटत असेल तर घरी जवसाचं करा. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच गॅस बंद, आणि गरम असतानाच जुन्या स्वच्छ सॉक्समधून किंवा पातळ कापडातून गाळा, गार झालं की ते बियांना असं चिकटतं की गाळताच येत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्या. केस ओले गच्च असतानाच लावायचं, मुठीत धरून वरच्या दिशेनं दाबायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर कडक लागतं, तेव्हा हातावर दोन थेंब खोबरेल घेऊन हळूच चुरगळायचं.